पोचेकाकांचं पथ्य

बँडमधलं एखादं वाद्य जिन्यावरून घरंगळलं, मोटारीच्या दारात चेपलं, नाहीतर कुणाच्या नातवाने त्याच्यावर बसकण मारली, की लोक ते चादरीत गुंडाळून बाजारामागच्या गल्लीत घेऊन यायचे. तिथे एका इमारतीच्या जिन्याखाली अरुंद दुकान होतं. आत एक लांब टेबल, टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड, भिंतीवर ओळीने टांगलेल्या लाकडी हातोड्या आणि एका पत्र्याच्या डब्यात लहानमोठे पोलादी गोळे. ट्रंपेटच्या नळीला पोचा आला असेल, म्हणजे पितळ आत दबलं असेल, तर बरोबर त्या मापाचा गोळा आत सोडायचा, बाहेरून हलक्या हाताने ठोकत राहायचं, आणि पितळ हळूहळू मूळच्या गोलाईला येई. हे काम करणारा माणूस आयुष्यभर पोचेच काढत आला, म्हणून त्याचं नाव पोचेकाका पडलं. खरं नाव वीजबिलावर होतं. ते कुणी वाचत नसे.

दुसऱ्यांची वाद्यं दुरुस्त करून पोट भरायचं आणि स्वतःचं वाद्य वाजवून मन, असा काकांचा हिशेब होता. शहराच्या बँडमध्ये ते पहिला ट्रंपेट, म्हणजे मुख्य धून, वाजवत. रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड बसायचा. पुढच्या बाकावरचं एखादं व्रात्य कार्टं मुद्दाम लिंबाची फोड चोखत बसायचं. आंबट नुसतं दिसलं तरी फुंकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ओठ सैल पडतात आणि सूर घसरतो. एकदा ऐन रंगात आलेल्या धुनेत काकांचा सूर असा काही घसरला, की मागच्या ढोलवाल्यालासुद्धा हसू आवरेना. तेव्हापासून काका म्हणायचे, "आंबटाशी आपलं जन्माचं वैर."

वैर होतं ते बोलण्यापुरतंच. घरात बायको होती, आणि तिच्या राज्यात कुणाचं वैर चालत नसे. संध्याकाळी काका दुकानातून आले की टेबलावर बशी असायची. संत्र्याच्या सोललेल्या फोडी, पेरूचे काप, अननसाच्या दिवसांत अननस. काय आहे हे काका बघतही नसत. वर्तमानपत्र वाचता वाचता हात बशीकडे जायचा आणि बशी रिकामी व्हायची. आपण फळं खातो हे त्यांना माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

ती गेली ती रक्ताच्या आजाराने. अंगावर निळे डाग दिसायला लागले तिथून सुरुवात झाली, आणि वर्षाच्या आत सगळं आटोपलं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. चार दिवस राहिली, परत गेली. काका एकटे उरले.

सुरुवातीला त्यांनी घर चालवायचा प्रयत्न केला. बाजारातून पपई आणली. ती अर्धी खाऊन झाली आणि उरलेली अर्धी फ्रिजमध्ये पाणी सुटून बसली. केळ्यांचा घड आणला तो काळा पडला. एकट्या माणसाने काय घ्यायचं आणि किती घ्यायचं याचं गणित त्यांना जमेना. भाजीचंही तेच. मग पाव, चहा, बिस्किटं, कधी भात आणि दूध, कधी उकडलेलं अंडं. बिस्किटं सडत नाहीत आणि पावाला कापायला सोबत लागत नाही.

अशातच गुडघे दुखायला लागले. काकांचा मेहुणा लांब राहायचा, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फोनवरच त्याने निदान केलं. "आंबट बंद करा. आंबटाने सांधे धरतात. माझ्या ओळखीच्या एकाने सोडलं, आता पळतोय."

काकांना हे पटायला वेळ लागला नाही. लिंबू गेलं, टोमॅटो गेला, संत्रं तर कधीच गेलं होतं. काही दिवसांनी गुडघे आपोआप थोडे कमी दुखू लागले, आणि काकांचा विश्वास पक्का बसला. पुढे त्यांनी विचार केला की अननसही आंबट, द्राक्षंही आंबट, गोड आंब्यातसुद्धा कुठेतरी आंबटपणा असतोच. नकोच ती भानगड. फळ म्हटलं की काका कानाला खडा लावायचे. दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "पथ्य म्हणजे पथ्य. जिभेला आंबट लागून महिने झाले."

पण पथ्य जितकं कडक होत गेलं तितके पाय जास्त दुखू लागले. पॉलिश करायच्या चाकाचं पायडल दाबताना पोटऱ्या भरून यायच्या. जिना चढताना मधेच थांबावं लागायचं. काकांनी आणखी कडक पथ्य केलं. चहाबरोबरचं खारं बिस्किट त्यांना जरा आंबूस लागलं, म्हणून तेही सोडलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता. फक्त तेव्हा ते कुणाला कळत नव्हतं.

एक दिवस नळीच्या जोडाला डाग देताना गॅसच्या बत्तीचा चटका अंगठ्याला बसला. या धंद्यात चटका म्हणजे रोजचंच. आठवड्यात खपली धरते आणि विसरायला होतं. हा चटका मात्र बरा होईना. खपली धरायची, निघायची, खाली तीच ओली लाल जखम. त्यानंतर हिरड्या सुजल्या. सकाळी दात घासले की बेसिन गुलाबी व्हायचं. दाताच्या दवाखान्यात गेले, तिथे हिरड्या साफ करून दिल्या आणि पुन्हा दाखवायला सांगितलं. रक्त थांबलं नाही, आणि काका पुन्हा गेले नाहीत.

रविवारच्या तालमीत त्यांनी ट्रंपेट ओठांवरून काढला तेव्हा माउथपीसच्या कडेला रक्त होतं. त्यांनी ते रुमालाने पटकन पुसलं आणि रुमाल खिशात घातला. समोरचा वरचा दात जिभेने ढकलला तर हलत होता. ट्रंपेट वाजवणाऱ्याचा समोरचा दात हलणं म्हणजे सुताराचा उजवा हात जाणं.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी पँट वर करून दिव्याखाली पाय बघितले. नडगीवर, मांडीवर, गुडघ्याच्या मागे निळेजांभळे डाग. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. काका पलंगावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. हे डाग त्यांनी आधी बघितले होते. बायकोच्या अंगावर.

डॉक्टरकडे जायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. तिला सुया टोचून टोचून हाताला जागा उरली नव्हती, आणि शेवटी झालं ते झालंच. आपण त्या वाटेने जायचं नाही. मुलीला सांगायचं नाही. शांतपणे आवरायला घ्यायचं.

आवरायला घ्यायचं म्हणजे आधी ट्रंपेट. काकांनी तो दुकानात नेला, पूर्ण खोलला, नळ्या धुतल्या, पिस्टनला तेल दिलं, जुने बूच बदलून नवे बसवले, आणि पितळ इतकं घासलं की त्यात छताचा पंखा दिसायला लागला. मग तो मखमलीच्या पेटीत घालून ते बँडच्या कप्तानाकडे गेले. कप्तान म्हणजे तोच मागे बसणारा ढोलवाला. अंगाने दांडगा, बोलायला कमी, आणि काकांचा शाळेपासूनचा सोबती.

"हा तुझ्याकडे ठेव," काका म्हणाले. "चांगला वाजवणारा कुणी आला की दे."

कप्तानाने पेटी उघडली, बघितली, बंद केली.

"का?"

"दात हलतोय. आता वाजवणं होणार नाही."

"दात हलला तर दातवाल्याकडे जातात. ट्रंपेट वाटत फिरत नाहीत." कप्तानाने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुझा चेहरा कसा झालाय बघितलास? मेणासारखा. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा वाटतोय. काय लपवतोयस?"

कप्तानाने वाट बघितली. ढोलवाल्याला वाट बघायची सवय असते. शेवटी काकांनी पँट जरा वर केली.

कप्तानाने पाय बघितले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला. "चल."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"मी जाणार नाही. मला कळलंय काय आहे ते."

"तुला पितळ कळतं," कप्तान म्हणाला. "पाय कळणारं माणूस वेगळं असतं. चालतोस की उचलू?"

त्याने खरंच उचललं असतं. काका चालू लागले.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला हिरवा रंग, लाकडी बाकं, आणि कुणाचं तरी मूल सारखं रडत होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा आत काकांच्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही. हिरड्या बघितल्या. अंगठ्याची जखम बघितली. मग पाय टेबलावर घ्यायला सांगून भिंग काढलं आणि नडगीवरच्या केसांकडे इतकं निरखून बघू लागल्या, की काकांना संकोच वाटला. केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके होते, आणि केस वेटोळे होऊन मुडपलेले.

"काका, काल सकाळपासून काय काय खाल्लंत? अगदी सगळं सांगा."

"चहा. पाव. दुपारी भात, दूध. संध्याकाळी चहा, बिस्किटं."

"आणि परवा?"

"तेच."

"फळ? भाजी? लिंबू?"

काका सावरून बसले. इथे तरी आपल्याला बोल लागणार नाही अशी त्यांची खात्री होती. "छे. माझं पथ्य आहे. बायको गेल्यानंतर काही दिवसांनी सोडलं ते सोडलं. आंबट तर जिभेला लावत नाही."

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं.

"आणि हे पथ्य दिलं कुणी?"

"मेहुण्याने."

"डॉक्टर आहेत ते?"

"नाही. त्याचा फर्निचरचा व्यवसाय आहे."

कोपऱ्यात उभा असलेला कप्तान खोकला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "काका, मी रक्त तपासायला पाठवते. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय तेही बघायला सांगते. तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. पण मला वेगळं वाटतंय. याला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा. ताजं फळ नाही, भाजी नाही, नुसती कडक बिस्किटं. शरीराला क जीवनसत्त्व मिळालं नाही की रक्तवाहिन्या कमकुवत होतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत, पाय दुखतात."

"पाय दुखतात म्हणून तर आंबट सोडलं," काका म्हणाले.

"पहिल्यांदा दुखले ते वयाने दुखले असतील. आता दुखतायत ते सोडल्यामुळे."

काकांना हायसं वाटायला हवं होतं, पण आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी तयारी केली, मनाशी इतका निरोप घेतला, आणि कारण काय, तर संत्रं खाल्लं नाही.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच म्हणू नका. दुर्लक्ष केलं तर यानेही माणूस जातो. पण उपचार सोपा आहे. आधी गोळ्या, कारण शरीराला आता पटकन हवंय. सोबत रोज ताजी फळं, म्हणजे ही वेळ पुन्हा येणार नाही. आणि एक अट. घरच्या कुणाला तरी सांगायचं. आज."

मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. रोज फोनवर "जेवलो, जेवलो" ऐकून ती निर्धास्त होती. पिशवी ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. पहिलं कपाट उघडलं, बिस्किटांचे पुडे. दुसरं उघडलं, चहाचा डबा आणि आणखी पुडे. फ्रिजमध्ये दूध, अंडी, आणि वाळून दगड झालेलं एक लिंबू, बहुधा आईच्या वेळचं. नळ सोडून ती एक स्वच्छच असलेलं पातेलं घासत राहिली. तिचे खांदे हलताना काकांना मागून दिसत होते.

"मी खोटं नव्हतो बोलत," काका दारात उभे राहून म्हणाले. "पोट भरत होतं."

"बाबा, पोट तर गादीचंसुद्धा कापसाने भरतं," ती म्हणाली, आणि मग तिला हसूही आलं आणि रडूही. "तुम्ही माझ्याकडे चला."

"येतो. पण हे निस्तरून येतो. तिथे आजारी म्हणून यायचं नाही मला."

त्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी तिने महिनाभर इथेच राहायचं ठरलं. मग दोघं कोपऱ्यावरच्या फळवालीकडे गेली. फळवाली बाई काकांना ओळखत होती, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे. रोज समोरून जाणारा माणूस म्हणून. काय झालंय ते मुलीने तिला सांगितलं. बाईने संत्र्यांच्या ढिगाकडे हात नेला आणि परत घेतला.

"हिरड्या सोललेल्या असतील तर झोंबेल. अननसाचं तर नावच काढू नका अजून. पपई न्या, लोण्यासारखी आहे. आणि पेरू."

"पेरूच्या बिया दातात अडकतात," काका म्हणाले.

"मऊ पिकलेला देते. कुस्करून गाळून घ्या. शिजवू नका मात्र."

मुलीने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं की पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि ते उष्णतेने कमी होतं म्हणून कच्चंच खायचं. काकांना याचंच जास्त नवल वाटलं. ज्याला चव गोड तोच आंबटाचा बाप निघाला.

पहिल्या दिवशी मुलीने गाळलेला पेरू वाटीत दिला. काकांनी एका दमात संपवला. दुसऱ्या दिवशी, झोंबतंय का बघायला, बशीत संत्र्याच्या दोनच फोडी होत्या, पातळ साल काढून, बिया काढून. काकांनी एक तोंडात घातली आणि डोळे घट्ट मिटले. हिरड्यांना आग लागली. डोळ्यांतून पाणी आलं. पण जिभेला ती चव लागली आणि त्यांना एकदम वर्तमानपत्राचा वास आठवला, बशीचा आवाज आठवला, पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असायचं ते आठवलं. फोड गिळून झाली तरी ते डोळे उघडेनात.

"झोंबतंय?" मुलीने विचारलं.

"थोडं," काका म्हणाले. "दुसरी दे."

रक्ताचे निकाल आले. काकांना ज्याची धास्ती होती ते काही नव्हतं. क जीवनसत्त्व नावालाही उरलेलं नव्हतं आणि लोहही कमी होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाजी, कडधान्य खाल तेव्हा वर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. तोपर्यंत हिरड्यांतलं रक्त थांबलंही होतं. काकांना खरं वाटेना. ते रोज सकाळी बेसिनमध्ये वाकून बघायचे आणि बेसिन पांढरंच असायचं. पायांचे डाग जांभळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि मग गेले. अंगठ्याची खपली एक दिवस पडली आणि खाली कोवळी गुलाबी कातडी निघाली. दुकानात पायडल दाबताना आपला पाय दुखत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी उगाचच, काही पॉलिश करायचं नसताना, चाक बराच वेळ फिरवलं.

दात मात्र वेळ घेणार होता. दातवाल्यांनी सांगितलं, हिरडी घट्ट होतेय, दात राहील, पण काही महिने माउथपीसचा दाब द्यायचा नाही. शिवाय आंबट खाल्लं की लगेच ब्रश करायचा नाही, आधी पाण्याने चूळ भरायची. काकांनी सगळं मान्य केलं. मेहुण्याचा फोन आला तेव्हा त्यालाही सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "मी आंबट सोडा म्हटलं होतं, सगळं सोडा कुठे म्हटलं होतं." काकांनी वाद घातला नाही. चूक त्याची अर्धी होती, अर्धी आपली.

महिना संपला आणि मुलगी परत गेली. जाताना तिने टोपली भरून ठेवली होती. ती संपल्यावर काका फळवालीकडे गेले आणि नेमके जुन्याच अडचणीत सापडले. पपई अख्खी घ्यावी लागणार होती. बाई कापलेलं फळ ठेवत नसे. माश्या बसतात म्हणायची. काकांनी पपई आणली, कापली, अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्ध्या पपईकडे बघत ते उभे राहिले. ती फ्रिजमध्ये गेली की पुढे काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावर एक टायपिस्ट बाई राहायच्या. कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेल्या, एकट्या, कडक. काका सरावाला बसले की त्या वरून झाडूच्या दांड्याने जमिनीवर ठोकायच्या. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं तेवढंच. इकडून सूर आणि तिकडून दांडा. काकांनी अर्धी पपई ताटलीत ठेवली, वर दुसरी ताटली झाकली, आणि जिना चढले.

बाईंनी दार अर्धवट उघडलं. ताटलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"एकट्याला जास्त होते," काका म्हणाले. "सडून जाते. म्हटलं विचारावं."

"ट्रंपेट का बंद आहे?"

काकांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "दात हलत होता. आजारी होतो."

"मला वाटलं तुम्ही घर बदललंत." बाईंनी दार पूर्ण उघडलं. "आत या. मला मधुमेह आहे, एवढी चालणार नाही. दोन फोडी घेईन. तुम्ही बसा, बाकीची तुम्हीच संपवा. फळ फेकू नये."

आतली खोली लख्ख होती. खिडकीत एकच झाड, टेबलावर झाकून ठेवलेला टाइपरायटर. बाईंनी पपईच्या फोडी मापून कापल्या. खाता खाता काकांनी आजाराची हकिगत सांगितली. बाई मधेमधे "हूं" म्हणत होत्या. संपल्यावर उठल्या, स्वयंपाकघरातून एक मोठं पपनस घेऊन आल्या आणि काकांसमोर ठेवलं.

"भाचीने आणून दिलंय. माझ्या गोळ्यांशी याचं जमत नाही, डॉक्टरांनी बजावलंय. तुम्हाला गोळ्या कसल्या चालू आहेत?"

"क जीवनसत्त्व आणि लोह."

"तरी विचारून घ्या. मग खा. तुम्हाला आंबट चालतं ना?"

"आता चालतं," काका म्हणाले.

इथून ते सुरू झालं. अननस आला की तो दोघांत वाटला जायचा, पण बाईंच्या वाट्याला बेताने. पुढे तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननेही आपलं नाव घातलं, कारण त्यालाही अख्खं कलिंगड जड जात होतं. फळवाली म्हणायची, तुमच्या जिन्याने मला सगळी मोठी फळं विकून दिली. पथ्यात खर्च झालेली हुशारी काका आता फळं निवडण्यात वापरू लागले. अननसाच्या बुडाचा वास घ्यायचा, पपई हलकी दाबून बघायची. पोलादी गोळा निवडणारी बोटं होती ती; त्यांना फसवणं अवघड होतं.

काही महिन्यांनी दातवाल्यांनी परवानगी दिली. कप्तानाने पेटी परत आणून दिली. कुणाला दिली नव्हती, कपाटावर ठेवली होती. काकांनी ट्रंपेट ओठांना लावला आणि फुंकर घातली, तर नुसती हवा गेली. ओठांचे स्नायू सैल पडले होते. दुसऱ्या प्रयत्नाला आवाज आला, पण म्हातारं बदक ओरडावं तसा. वरून दांडा वाजला नाही. काकांनी लांब, एकसारखे सूर धरायला सुरुवात केली, नवशिक्यासारखे, रोज थोडा वेळ. हिरडीतून रक्त आलं नाही. दात जागचा हलला नाही.

बँडमध्ये मात्र पहिला ट्रंपेट आता एका तरुण मुलीकडे गेला होता. ती उत्तम वाजवायची. काकांना तिसरा ट्रंपेट मिळाला. त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटलं हे त्यांनी कप्तानाला सांगितलंही.

"मागच्या वर्षी तू तो वाटायला निघाला होतास," कप्तान म्हणाला. "तिसरा तर तिसरा. फुंक."

काका फुंकू लागले. तिसऱ्या ट्रंपेटला धून नसते, आधार असतो. पहिल्यांदाच त्यांना बाकीच्यांचे सूर नीट ऐकू येऊ लागले. पहिला वाजवताना माणूस स्वतःलाच ऐकत असतो. एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही खाली असलात की मला वर जायला भीती वाटत नाही." काकांनी तिचा ट्रंपेट हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "वाकणावर बारीक पोचा आहे. सोमवारी दुकानात आण."

आता आंब्याचे दिवस आहेत. संध्याकाळी दुकान बंद करून काका वरच्या मजल्यावर जातात. पोस्टमन खुर्ची घेऊन येतो. टायपिस्ट बाई सुरी, ताटल्या आणि ओलं फडकं मांडून तयार असतात. बाईंना दोन फोडींची मुभा आहे, ती त्या काटेकोर पाळतात. भांडण होतं ते कोयीवरून. बाईंचं म्हणणं, कोय ही फोड नव्हे, तेव्हा ती हिशेबात धरू नये. काकांचं म्हणणं, कोयीला चिकटलेला गर निदान एका फोडीइतका असतो, आणि तुमची साखर मोजताना डॉक्टर काही कोय वगळत नाहीत. पोस्टमन दोघांनाही मान डोलावतो. काल बाई म्हणाल्या, "बरं, निम्मी निम्मी." काका म्हणाले, "कोय निम्मी कशी करणार?" बाईंनी कोय उचलली, त्यांच्याकडे रोखून बघत एक बाजू स्वच्छ चोखली, आणि दुसऱ्या बाजूचा गर सुरीने खरवडून त्यांच्या ताटलीत वाढला.

काकांनी तो बोटाने पुसून खाल्ला. आंबा जरा आंबटच होता.